टेटच्या हल्ल्यानंतरचे अमेरिकी जनमत वार्ताहरांनी फिरवले काय?

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : रविवार पुरवणीतील व्हिएतनाम युद्धाविषयीचा लेख

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत व्हिएतनाम युद्धातील १९६८ च्या टेट हल्ल्यावर, म्हणजे कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनाम आणि त्याचे दक्षिणेतील साथीदार व्हिएत काँग गनीम यांनी अमेरिकेच्या पाठिंब्यावरील दक्षिण व्हिएतनामवर केलेल्या चढाईवर, प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. मराठवाड्यातून निघणाऱ्या दैनिकाने इतक्या दूरच्या इतिहासाला पानभर जागा द्यावी, याचे इतिहासाचा शिक्षक म्हणून मला समाधान वाटले आणि लढाईचे वर्णनही लेखकाने मन लावून केले आहे. तथापि लेखाच्या अखेरीस त्यांनी जो निष्कर्ष काढला आहे, तो मला मान्य होण्यासारखा नाही. त्यांच्या मते अमेरिकेने रणांगणावर जिंकलेले युद्ध तिच्या वार्ताहरांनी आणि दूरचित्रवाणीने घरात हरवले, आणि म्हणून युद्धाच्या काळात वृत्तपत्रांनी सरकार देईल तेवढेच छापावे. हे मत अनेक वर्षे अनेक ठिकाणी ऐकू येते, आणि ते निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या तोंडी अधिक असते हेही समजण्यासारखे आहे. परंतु त्यासाठी ज्या घटनांचा आधार घेतला जातो, त्या नीट तारीखवार मांडल्या की आधार ढासळतो.

टेट हा व्हिएतनामी चांद्र वर्षारंभाचा सण. त्या दिवसांत माणूस कुठेही असला तरी घरी परततो, पूर्वजांचे स्मरण करतो. दोन्ही बाजूंनी सणापुरता युद्धविराम जाहीर केला होता, दक्षिण व्हिएतनामी सैन्यातील निम्म्याच्या आसपास जवान रजेवर गेले होते आणि त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थ्यू पत्नीच्या माहेरी, मी थो या गावी होते. उत्तर व्हिएतनामने थोड्याच काळापूर्वी आपले पंचांग बदलले होते, त्यामुळे त्या वर्षी उत्तरेचा वर्षारंभ दक्षिणेच्या एक दिवस आधी आला. काही तुकड्यांनी ठरल्या वेळेच्या चोवीस तास अगोदर, ३० जानेवारीच्या पहाटे, दा नांग, न्हा ट्रांग, प्लेकू अशा शहरांवर हल्ले केले, त्याचे एक कारण हा तारखांचा घोळ असावा असे इतिहासकार मानतात. म्हणजे पुरा एक दिवस इशारा मिळालेला होता. तरीही ३१ जानेवारीच्या पहाटे सुमारे ८०,००० सैनिकांनी शंभरहून अधिक शहरे आणि गावे यांवर, ४४ पैकी ३६ प्रांतिक राजधान्यांवर एकाच वेळी चाल केली तेव्हा अमेरिकेचे सेनापती जनरल वेस्टमोरलँड यांचे लक्ष दूर वायव्येच्या डोंगरातील खे सान या तळाकडे लागलेले होते. तेथे २१ जानेवारीपासून वेढा पडला होता, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तर व्हाइट हाउसमध्ये त्या तळाची मातीची प्रतिकृतीच करून ठेवली होती. सायगावच्या परिसराचे प्रमुख जनरल वेयँड यांना शंका आली होती व त्यांच्या आग्रहावरून जानेवारीत काही पलटणी सरहद्दीवरून राजधानीकडे मागे आणल्या गेल्या, म्हणून सायगाव वाचले. एरवी काय झाले असते हे सांगणे अवघड आहे.

सणाच्या आडून वार करण्याची रीत त्या देशाला नवी नव्हती. १७८९ साली क्वांग ट्रुंग राजाने याच सणात हनोईजवळ चिनी फौजेवर अवचित झडप घातली होती, ही गोष्ट तेथील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. आपल्यालाही असा छापा समजावून सांगावा लागत नाही. शाहिस्तेखान आपल्या औरंगाबादेहून निघून पुण्यात तीन वर्षे ठाण मांडून बसला होता, आणि एप्रिल १६६३ मध्ये, रमजानच्या महिन्यात, महाराजांनी लाल महालात शिरून त्याची बोटे तोडली. त्या रात्री मोगलांचे सैनिक किती मेले याचा हिशेब केला तर तो क्षुल्लक भरतो. लाखाच्या फौजेचे काहीच बिघडले नव्हते. परंतु खान पुणे सोडून औरंगाबादेस परतला आणि बादशहाने त्याची बंगालला रवानगी केली, कारण एवढ्या बंदोबस्तात सुभेदाराच्या शयनगृहापर्यंत शत्रू पोहोचू शकतो हे एकदा दिसल्यावर आधीच्या तीन वर्षांतील सगळ्या खलित्यांची किंमत उतरली होती. टेटच्या परिणामाचे मर्मही मला याच ठिकाणी दिसते.

लढाई म्हणून पाहिले तर टेट हा हल्लेखोरांचा पराभव होता, हे लेखकाचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याबद्दल माझा वाद नाही. उत्तरेची राजधानी हनोई येथील नेतृत्वाची, विशेषतः पक्षप्रमुख ले दुआन यांची अपेक्षा अशी होती की सैन्याने शहरे गाठली की दक्षिणेतील जनता उठाव करील आणि सायगावचे सरकार कोसळेल. कुठेही उठाव झाला नाही. ह्युए हे प्राचीन राजधानीचे शहर सोडले तर बहुतेक ठिकाणी हल्लेखोर काही दिवसांतच मागे रेटले गेले, हजारोंनी मारले गेले, आणि दक्षिणेत वर्षानुवर्षे बांधलेली व्हिएत काँगची संघटना इतकी खिळखिळी झाली की पुढे युद्धाचा भार मुख्यतः उत्तरेच्या नियमित सैन्याला वाहावा लागला. त्यांचेच एक सेनापती ट्रान व्हान ट्रा यांनी पुढे १९८२ साली लिहिले की त्या वेळी आम्ही दोन्ही बाजूंच्या बळाचा अंदाज बरोबर केला नव्हता. दुसरे एक सेनानी ट्रान डो यांनी तर प्रांजळपणे सांगितले आहे की अमेरिकेच्या जनमतावर परिणाम घडवणे हा आमचा उद्देशच नव्हता. तो परिणाम आपोआप पदरात पडला. शत्रूने अमेरिकी वृत्तपत्रे वापरून मानसशास्त्रीय युद्ध जिंकण्याचा कट केला होता, असे लेखक सुचवतात. त्यांनी ही कबुली विचारात घ्यायला हवी होती.

मग हरलेल्या हल्ल्याने जिंकणाऱ्याचे जनमत का फिरवले? याचे उत्तर जानेवारी १९६८ मध्ये शोधून मिळणार नाही. ते आधीच्या नोव्हेंबरमध्ये आहे, आणि लेखात त्या महिन्याचा उल्लेखही नाही. १९६७ च्या उत्तरार्धात युद्धाला पाठिंबा ओसरू लागला होता. गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत त्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे टेटच्या तीन महिने आधी, व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे ही चूक होती असे म्हणणारे ४७ टक्के आणि तसे न मानणारे ४४ टक्के होते. चिंतेत पडलेल्या जॉन्सन सरकारने मग एक मोहीमच उघडली. जनरल वेस्टमोरलँड यांना सायगावहून बोलावून घेण्यात आले आणि २१ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये त्यांनी जाहीर केले की युद्धाचा शेवट दृष्टिपथात येऊ लागला आहे. दोन वर्षांच्या आत सैन्य परत आणण्यास सुरुवात करता येईल अशीही आशा त्यांनी दाखवली. १७ जानेवारी १९६८ रोजी अमेरिकी संसदेपुढील वार्षिक भाषणात खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सांगितले की शत्रू लढाईमागून लढाई हरत आहे. या वाक्यानंतर दोन आठवड्यांत तोच शत्रू सायगावच्या अमेरिकी वकिलातीच्या कुंपणाच्या आत होता.

ही आश्वासने ज्या आकड्यांवर उभी होती, त्यांची कथा तर अधिकच बोलकी आहे. व्हिएतनाममध्ये आघाडीची निश्चित रेषा नव्हती, त्यामुळे प्रगती मोजण्यासाठी मारलेल्या शत्रूंची मोजदाद हेच मुख्य माप ठरले, आणि ज्या अधिकाऱ्याच्या बढतीचा संबंध त्या मोजदादीशी होता, त्याच्याच हाती ती होती. १९६७ मध्ये शत्रूच्या एकूण संख्येवरून सीआयए आणि वेस्टमोरलँड यांचे मुख्यालय यांच्यात मोठा तंटा झाला. सॅम ॲडम्स या विश्लेषकाचे म्हणणे होते की गावोगावचे अर्धवेळ लढवय्ये धरले तर संख्या पाच लाखांच्या जवळ जाते. मुख्यालयाला ती तीन लाखांच्या आत हवी होती, कारण मोठा आकडा बाहेर पडला तर प्रगतीचा दावा टिकला नसता. अखेर ते अर्धवेळ लढवय्ये कोष्टकातून वगळण्यात आले आणि आकडा बसला. मराठवाड्यातील शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. पिकाचा सरकारी अंदाज असलेली पैसेवारी पन्नास पैशांच्या वर लागली की कागदावर दुष्काळ नसे, आणि बांधावर उभ्या असलेल्या माणसाला मात्र पिकाची खरी अवस्था दिसत असे.

३१ जानेवारीच्या सकाळी अमेरिकी जनतेची स्थिती अशा शेतकऱ्यासारखी झाली. पहाटे तीनच्या सुमारास १९ जणांच्या एका तुकडीने वकिलातीच्या भिंतीला भगदाड पाडून आत प्रवेश केला. सहा-सात तासांनी ती जागा पुन्हा ताब्यात आली, पाच अमेरिकी जवान मारले गेले, आणि हल्लेखोर मुख्य इमारतीत शिरू शकले नाहीत. शिरल्याच्या पहिल्या बातम्या चुकीच्या होत्या आणि त्या चुकीबद्दल वार्ताहरांना दोष द्यायलाच हवा. परंतु त्यानंतर जनरल वेस्टमोरलँड स्वतः त्या आवारात आले, आजूबाजूला प्रेते पडलेली असताना त्यांनी कॅमेऱ्यांपुढे सांगितले की शत्रूचा बेत फसला आहे, आणि ते अक्षरशः खरे होते. तरी त्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. नोव्हेंबरमध्ये याच अधिकाऱ्याने याच शांत आवाजात जे सांगितले होते, त्याची आठवण लोकांना ताजी होती. खरे बोलणाऱ्याचे खरेही पटू नये, ही अवस्था कोणत्याही वार्ताहराने आणली नव्हती.

लेखकाचा सारा भर वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यावर आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीचे हे निवेदक २७ फेब्रुवारीच्या रात्री प्रसारित झालेल्या विशेष कार्यक्रमात म्हणाले की हे युद्ध कोंडीत अडकले आहे आणि सन्मानाने वाटाघाटी करणे हाच मार्ग उरतो. ते ऐकून जॉन्सन यांनी 'क्रॉन्काइट गेला म्हणजे सामान्य अमेरिका गेली' अशा अर्थाचे उद्गार काढले, असे लेखात ठामपणे छापले आहे. या उद्गाराला समकालीन पुरावा मिळत नाही. तो कार्यक्रम चालू असताना जॉन्सन टेक्सासमध्ये राज्यपालांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते आणि त्यानंतरच्या दिवसांतही त्यांनी युद्धाच्या समर्थनार्थ कणखर भाषणे केली. आकडे तर याहून विपरीत बोलतात. टेटनंतरच्या पहिल्या दिवसांत, जेव्हा पडद्यावरील दृश्ये सर्वांत भीषण होती, तेव्हा गॅलपच्या चाचणीत युद्ध अधिक जोराने लढावे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण वाढून साठ टक्क्यांच्या आसपास गेले होते. हल्ला पाहून लोक संतापले, घाबरून मागे फिरले नाहीत. ते प्रमाण मार्चच्या अखेरीस चाळीसच्या जवळ उतरले आणि युद्ध आवरते घ्यावे म्हणणाऱ्यांच्या बरोबरीला आले. दृश्यांचाच प्रभाव असता तर चित्र उलटे दिसले असते. मधल्या सहा आठवड्यांत काय झाले हे पाहिले पाहिजे.

त्या सहा आठवड्यांत लोकांपुढे विजयाचा हिशेब ठेवला गेला. ११ ते १७ फेब्रुवारी या एका आठवड्यात ५४३ अमेरिकी जवान मारले गेले, हा तोपर्यंतच्या युद्धातील सर्वांत मोठा साप्ताहिक आकडा. २३ फेब्रुवारीला सक्तीच्या भरतीसाठी ४८,००० तरुणांची नवी मागणी जाहीर झाली. सेनाप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल व्हीलर सायगावला जाऊन आले आणि त्यांनी आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी पुढे ठेवली. १० मार्चला न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी फोडली. सुमारे पाच लाख सैन्य तेथे आधीच होते. ज्या शत्रूचा पराभव झाल्याचे सांगितले जात होते, त्याला आवरण्यासाठी आणखी दोन लाख माणसे कशाला हवीत, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणालाही क्रॉन्काइटची शिकवणी लागत नव्हती. बातमी फुटली हे खरे. परंतु फुटलेल्या बातमीतील मागणी सरकारचीच होती. त्याच पंधरवड्यात डॉलरवरचा विश्वास डळमळून सोन्यासाठी इतकी झुंबड उडाली की १५ मार्चला लंडनचा सोनेबाजार बंद ठेवावा लागला. युद्धाचा खर्च आता दूर आशियात पडून राहणारा उरला नव्हता.

न्यू हँपशायरमधील १२ मार्चच्या, पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीचा उल्लेख लेखात आहे, पण त्याचा अर्थ घाईने लावला आहे. युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना तेथे ४२ टक्के मते पडली आणि जॉन्सन यांना ४९; विद्यमान राष्ट्राध्यक्षाला स्वपक्षात एवढेच मताधिक्य मिळणे ही नामुष्की होती, आणि चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडी मैदानात उतरले. परंतु मॅकार्थींना मते देणाऱ्यांपैकी युद्धधोरणावर नाराज असलेल्यांत 'जॉन्सन पुरेशा जोराने लढत नाहीत' म्हणणारे, 'युद्ध थांबवा' म्हणणाऱ्यांपेक्षा तीनास दोन या प्रमाणात अधिक होते, असे नंतरच्या पाहणीत आढळले. सगळी अमेरिका एका रात्रीत शांततावादी झाली, हे म्हणूनच खरे नाही. ती सरकारला कंटाळली होती. काहींना जिंकून मोकळे व्हायचे होते आणि काहींना सोडून मोकळे व्हायचे होते. आहे तसेच चालू राहू द्या, असे म्हणणारा मात्र दुर्मीळ झाला होता.

जनमताइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे, म्हणजे सरकारच्या आतील मत. १ मार्चला क्लार्क क्लिफर्ड संरक्षणमंत्री झाले. ते युद्धाचे समर्थक मानले जात, म्हणूनच त्यांची निवड झाली होती. दोन लाख सैन्याच्या मागणीची छाननी त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी सेनाधिकाऱ्यांना साधे प्रश्न विचारले : एवढे सैन्य पुरेल काय, पुरले नाही तर आणखी किती लागेल, शत्रूही आपले सैन्य वाढवू शकेल काय, जिंकण्याची योजना काय आहे आणि किती काळ लागेल? एकाही प्रश्नाचे निश्चित उत्तर मिळाले नाही, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. महिन्याअखेरीस, २५ व २६ मार्चला, जुन्या अनुभवी मुत्सद्द्यांचा सल्लागार गट जमला. डीन ॲचेसन यांच्यासारखे शीतयुद्धाचे शिल्पकार त्यात होते आणि नोव्हेंबरमध्ये याच गटाने युद्ध चालू ठेवण्याचा सल्ला दिला होता. त्यांना माहिती सरकारी अधिकाऱ्यांनीच दिली. एका सेनाधिकाऱ्याने शत्रूचे किती लोक मारले ते सांगितल्यावर संयुक्त राष्ट्रांतील अमेरिकी प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग यांनी विचारले की जखमींचे प्रमाण मृतांच्या किती पट धरायचे. किमान तिप्पट, असे उत्तर आले. मग गोल्डबर्ग यांनी शत्रूची एकूण संख्या विचारून बेरीज-वजाबाकी केली आणि म्हणाले की तसे असेल तर आता आपण लढतो आहोत तरी कोणाशी? शाळेत त्रैराशिक शिकवणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार आवडतो. त्या गटातील बहुतेकांनी आपला सल्ला बदलला, आणि ३१ मार्चच्या रात्री जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरील बाँबफेक थांबवल्याचे आणि आपण पुन्हा उमेदवार नसल्याचे जाहीर केले. या मुत्सद्द्यांचे मन दूरचित्रवाणीने वळवले, असे म्हणणे त्यांच्या बुद्धीचा अपमान करण्यासारखे आहे.

अवचित हल्ल्याने जनमत नेहमी युद्धाच्या विरुद्धच जाते असेही नाही, आणि याची साक्ष आपल्याच पिढीने दिली आहे. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी पंडित नेहरूंनी कोलंबोला निघताना सांगितले की चिन्यांना आपल्या भूमीतून हुसकावून लावण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. २० ऑक्टोबरला चीनने दोन्ही टोकांना हल्ला चढवला. आश्वासन आणि वस्तुस्थिती यांतील अंतर येथेही उघडे पडले, पण लोक युद्धापासून मागे फिरले नाहीत. बायकांनी अंगावरचे दागिने संरक्षण निधीला दिले, रोष सारा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर गेला, त्यांना खाते सोडावे लागले, आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे आपण अभिमानाने म्हणू लागलो. युद्ध आपल्या दारात आले असेल तर धक्का माणसांना एकत्र आणतो. ते हजारो मैलांवर असेल आणि कशासाठी चालले आहे हे नेमके सांगता येत नसेल, तर तोच धक्का 'आपली मुले तेथे का मरत आहेत' हा प्रश्न पुढे आणतो. जॉन मुलर या राज्यशास्त्रज्ञाने कोरिया आणि व्हिएतनाम या दोन युद्धांची तुलना करून दाखवले आहे की दोन्हींत मृतांची संख्या वाढत गेली तसा पाठिंबा जवळपास सारख्याच रीतीने घसरला. कोरियाचे युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकेत दहांतील एका घरातही दूरचित्रवाणी संच नव्हता. लेखकाच्या प्रमेयाला याहून मोठी अडचण मला दिसत नाही.

वार्ताहरांचा बचाव करायचा म्हणून मी हे लिहीत नाही. टेटच्या वार्तांकनातील उणिवांवर पीटर ब्रेस्ट्रप या, स्वतः सायगावात काम केलेल्या पत्रकाराने १९७७ साली दोन खंडांत झाडाझडती घेतली आहे आणि तिच्यात तथ्य आहे : पहिल्या काही दिवसांतला गोंधळ ओसरल्यानंतर व्हिएत काँगचे किती नुकसान झाले हे सांगण्यात वृत्तपत्रांनी कुचराई केली. मात्र अमेरिकी लष्कराच्याच इतिहास विभागातील विल्यम हॅमंड यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिकृत इतिहासात असे नोंदवले आहे की वार्ताहरांचे वृत्तांत सरकारच्या जाहीर विधानांपेक्षा बहुधा अधिक अचूक होते. लष्कराच्या पदरी असलेल्या इतिहासकाराने हे लिहावे, यातच पुष्कळ आले. आपल्याकडे तर मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या रात्रभर दिल्या आणि त्या खोट्या निघाल्या. म्हणजे सरकारने न सांगितलेला विजयही परस्पर सांगून टाकण्याचा उत्साह येथे आहे. अशा वेळी वृत्तपत्रांना अधिक मुकाट होण्याचा सल्ला देण्यामागील तर्क मला कळला नाही.

लेखातील आणखी दोन गोष्टींची दुरुस्ती व्हावी. लेखासोबत ज्या प्रसिद्ध छायाचित्राचे वर्णन आहे, ते एडी ॲडम्स यांनी १ फेब्रुवारीला सायगावच्या रस्त्यावर टिपले. त्यात गोळी झाडणारे पोलीसप्रमुख जनरल लोआन आहेत, आणि मारला जाणारा 'सामान्य नागरिक' असल्याचे जे छापले आहे ते बरोबर नाही. तो पकडून आणलेला व्हिएत काँगचा माणूस होता. खटला न चालवता बंदिवानाला ठार करणे हे त्यामुळे समर्थनीय ठरत नाही, परंतु ॲडम्स यांनाच आपल्या छायाचित्राने त्या जनरलबद्दल अर्धेच सत्य सांगितले अशी पुढे खंत वाटत राहिली, एवढे तरी वाचकांना कळायला हवे होते. दुसरे म्हणजे टेटने युद्ध 'संपवले' हे विधान. पॅरिसमधील वाटाघाटी मे १९६८ मध्ये सुरू झाल्या, करार जानेवारी १९७३ मध्ये झाला आणि सायगाव पडले ३० एप्रिल १९७५ ला. व्हिएतनाममधील अमेरिकी सैन्य सर्वाधिक, म्हणजे सुमारे ५ लाख ४३ हजार, झाले ते टेटनंतर सव्वा वर्षाने, आणि त्या युद्धात मेलेल्या ५८,००० हून अधिक अमेरिकनांपैकी निम्म्याहून जास्त टेटच्या नंतर मेले. जनमत फिरल्यावरही युद्ध इतका काळ रेंगाळले याची कारणमीमांसा, जॉन्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कारकिर्दीसह, स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लेखाचा पुढील भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे, म्हणून एक विनंती. पानभर मजकुरात व्हिएतनामी माणसे जवळपास कुठेच नाहीत. टेटच्या लढाईत सुमारे १४,००० नागरिक मारले गेले आणि सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ह्युएच्या किल्ल्यावर २५ दिवस शत्रूचे निशाण फडकत होते. ते शहर परत घेताना तोफा आणि विमाने यांनी त्याची धूळधाण केली, आणि नंतरच्या काळात तेथे सामूहिक पुरलेली सुमारे २,८०० प्रेते सापडली, ज्यांतील पुष्कळ जण शिक्षक, कारकून, धर्मोपदेशक आणि सरकारी नोकर होते व त्यांना कम्युनिस्टांनी शहर ताब्यात असताना याद्या करून धरून नेले होते. जी वृत्तपत्रे युद्धविरोधी असल्याचा आरोप लेखक करतात, त्यांनी या हत्यांकडे त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही, हा खरा आक्षेपाचा मुद्दा होऊ शकला असता आणि तोच लेखातून निसटला आहे. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते, कॅनडा आणि पोलंड हे सोबतचे सदस्य होते, आणि सायगाव व हनोई या दोन्ही ठिकाणी आपले अधिकारी अनेक वर्षे राहत होते. त्या आयोगाने काय पाहिले, काय नोंदवले आणि कशाकडे डोळेझाक केली, यावर मराठीत फार थोडे लिहिले गेले आहे. पुढील भागात लेखकाने ह्युएतील मृतांना आणि या आयोगाच्या कामगिरीला जागा द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड